समुद्र आणि डोंगर एका नजरेत

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. कुंभकोणमहून तिरुविडैमरुदूरला जाणाऱ्या रस्त्यावर ह्यांचा बसगाड्या दुरुस्त करायचा कारखाना होता, आणि आमच्या मागच्या पडवीत हे स्वतः एक विमान तयार करत होते. आराखडे परदेशी मासिकातले, इंजिन मद्रासहून आणलेलं, जुनं. विमान चालवायला हे तिथेच शिकले होते. पंखांचं कापड मी शिवलं. त्यावर रोगण चढवलं की असा उग्र वास सुटे, की सासूबाई देवघराचं दार लावून घेत.

कुंभकोणमला मात्र ह्यांची ओळख होती ती गाण्यामुळे. मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, घराण्यात विठ्ठलाच्या मठातलं भजन पिढ्यानपिढ्या चालत आलं होतं. एकादशीला मामंजी तंबुरा धरत आणि अभंग हे म्हणत. लग्नानंतर पहिल्यांदा तो आवाज ऐकला, तेव्हा हातातलं फुलांचं तबक खाली ठेवायचंही मला सुचलं नव्हतं.

कापणी झाल्यावर पापनाशमच्या वाटेवरच्या आमच्या शेतातले बांध सपाट केले आणि विमान उडालं. दर खेपेला हे आणखी वर जात.

"एवढं वर काय आहे?" मी विचारलं.

"अजून थोडं वर गेलो, तर एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे कोल्लीचे डोंगर एकदम दिसतील."

त्या दिवशी ह्यांना सर्दी झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "आज नको रे जाऊ."

"अशी स्वच्छ हवा पुन्हा मिळायची नाही, आई."

विमान ठिपक्याएवढं झालं, मग दिसेनासं झालं. बराच वेळ आम्ही शेतात माना वर करून उभे होतो. एकदम ते दिसलं, नाक खाली करून वेगानं येत होतं. सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी पिचली. पण खाली आल्यावर ते सावरलं, चाकं नीट टेकली. वरच्या विरळ हवेत भोवळ येऊ लागली, म्हणून ह्यांनी ते घाईनं खाली घातलं होतं.

हे उतरले ते हसत. "दिसलं! दोन्ही दिसलं!" मी समोर उभी असताना ओरडून सांगत होते. कानातून रक्ताचा ओघळ मानेवर आला होता.

डॉक्टर म्हणाले, "नाक चोंदलेलं, त्यात इतक्या उंचावरून झपाट्यानं खाली आलात. पडदे फाटलेत. ते भरून येतील. आतल्या नाजूक भागाचं मात्र सांगता येत नाही."

पडदे भरून आले. बोललेलं ऐकू येऊ लागलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

पुढच्या एकादशीला हे मठात गायला उभे राहिले. पहिल्याच ओळीला सूर घसरला. ह्यांना कळलं नाही; डोळे मिटून, जीव ओतून गात होते. मामंजींनी हळूच खुंट्या पिळल्या आणि तंबुरा ह्यांच्या सुराला मिळवून घेतला. दुसऱ्या कडव्याला सूर आणखी उतरला. मामंजी पुन्हा पिळू लागले. तेवढ्यात ह्यांनी डोळे उघडले, आणि वडिलांचा हात खुंटीवर दिसला.

अभंग तिथेच थांबला. "अप्पा, तुम्ही म्हणा," एवढं बोलून हे खाली बसले. त्यानंतर कधीच गायले नाहीत. विमान खोलून त्याचे भाग मद्रासला कुणाला तरी देऊन टाकले.

काही वर्षांनी आमची मुलगी गाणं शिकू लागली. बापाचाच गळा घेऊन आली होती. ती गायला बसली, की हे चप्पल घालून बाहेर पडत. मला वाटायचं, जुनं आठवून त्रास होत असेल. एकदा मी दाराशी अडवलं.

"लेक विचारते, बाबांना माझं गाणं आवडत नाही का? काय सांगू तिला?"



"तिचा आवाज मला भाताच्या गिरणीसारखा ऐकू येतो," हे म्हणाले. "तोंडावर दिसेल माझ्या. तिच्यासमोर कसा बसू?"

मी बाजूला झाले. आत ती आलाप घेत होती.