पूनमसिंगच्या वावरातली नाली

उकंडाच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून चौथ्याला जन्मताच आईने उकिरड्यावर ठेवले आणि नाव उकंडा पाडले. टाकाऊ पोर समजून मरणाने त्याच्याकडे पाहू नये, एवढेच त्या माउलीचे मागणे. मरणाने ते मानले. त्याला सोडून आजूबाजूला मात्र सगळीकडे पाहिले.

आर्णीच्या पलीकडे, टेकडीखालच्या गावात उकंडा ग्रामपंचायतीचा नालीवाला होता. पाणलोटाच्या कामात टेकडीपासून नाल्यापर्यंत वावरावावरांतून एक मोठी नाली खणली गेली. खणणारे फोटो काढून गेले. पुढे गाळ कोण काढणार, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आले नव्हते, आणि ते लोढणे उकंडाच्या गळ्यात पडले. पंधरा वर्षे तो खांद्यावर फावडे आणि हातात बोरीची काठी घेऊन नालीच्या काठाने चालत होता. काठीला गुडघाभर उंचीवर खाच होती. नालीत काठी उभी केली की खाच काठाखाली गेली पाहिजे. नाही गेली तर त्या वावराच्या मालकाने गाळ काढायचा. आणि कोणी नाली बुजवून पेरलीच, तर उकंडाने उभ्या पिकातून ती फोडायची, असा ग्रामसभेचा ठराव. एकदा त्याने खुद्द सरपंचांच्या तुरीतून नाली फोडली होती. सरपंच धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शिव्या देत होते आणि हा खाली वाकून म्हणत होता, "पान्याले सरपंच कोन अन् उकंडा कोन, समजत नाई साहेब."

मग कापसाची ती वाईट वर्षे आली. तीन वर्षांत गावातून सात तिरड्या उठल्या, सातही कर्त्या माणसांच्या. पहिल्या वेळी उकंडा लेकरासारखा रडला. चौथ्या वेळी रडू आले नाही. सातवी तिरडी रामीबाईच्या एकुलत्या एका मुलाची, भारतची. त्या दिवशी स्मशानातून परतताना तो वाटेत थांबला, नालीत काठी उभी करून गाळ मोजला आणि घरी जाऊन जेवला. भाकर गोड लागली नाही की कडू लागली नाही. बायको काही बोलली की तो नुसता 'हं' म्हणायचा.

त्या आषाढात पूनमसिंगने आपल्या वावरातली नाली बुजवून त्यावर कापसाचे तीन तास, म्हणजे तीन ओळी, पेरले. पूर्वी हा माणूस होळीला लेंगीची गाणी म्हणू लागला की शेजारचा तांडा ऐकायला यायचा. आता दिवसभर बाजेवर बसून राहायचा. उकंडा सांगायला गेला तेव्हा कापसाची पऱ्हाटी वीतभर झाली होती.

"पूनमभाऊ, उद्या फोडा लागते."

"फोड," पूनमसिंग म्हणाला. त्याने मानही वर केली नाही. भांडण नाही, शिवी नाही. उकंडाला बरेच वाटले, कामातली कटकट वाचली.

खालचे वावर रामीबाईचे. नाली बुजलेली राहिली तर टेकडीचे सारे पाणी तिच्याच कापसात शिरणार होते. म्हणून तो तिच्या घरी सांगायला गेला.

"रामीबाई, उद्या नाली फोडतो. भेव नाई आता."

"फोडू नको," ती म्हणाली.

"काहून?"

रामीबाईने ज्वारीच्या कोठीमागे हात घालून फवारणीच्या औषधाचा डबा काढला. "पूनमसिंगच्या हंसानं आनून ठेवला. नवऱ्याच्या नजरेस पडू नाई म्हनून. अन् तू त्याच्या उभ्या पिकात फावडं घालतं? तीन तासाईसाठी कोनी मरत नाई म्हनशील. माह्या भारतच्या वक्ती मीबी असंच म्हनत होती."

"अन् तुयं वावर?"

"बुडू दे. माह्या घरी आता जानारा मानूस उरला नाई. तिच्या घरी हाये."

हे ऐकून उकंडाला काहीतरी वाटायला हवे होते. काहीच वाटले नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने फावडे उचलले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी झड लागली. पाणी बुजलेल्या नालीपाशी तुंबले, फुगले आणि धुरा फोडून खाली उतरले. रामीबाई डोक्यावर पोते घेऊन पाहत होती, उकंडा शेजारी उभा होता. आधी पऱ्हाटीचे शेंडे दिसत होते, मग तेही दिसेनात.

तेव्हापासून उकंडाची फेरी पूनमसिंगच्या अंगणातून सुरू होऊ लागली. हंसाबाईने पहिल्या दिवशी विचारले, "भाऊ, इकडं कायले?"

"नाली पाहायले."

तिच्या अंगणात नाली नव्हती. तिने चहा ठेवला. पूनमसिंग बाजेवर राखुंडीने दात घासत असायचा. तेवढे पाहून उकंडा पुढे जायचा. खाली रामीबाई कुजलेली पऱ्हाटी उपटत असायची. मान वर न करता विचारायची, "उठला काय रे?"

"उठला."

असा महिना गेला. एका सकाळी बाज रिकामी होती. हंसाबाईही दिसेना. उकंडाने फावडे टाकले, दार ढकलून घरात पाहिले, मग बाजेखाली डबा पडलाय का ते पाहिले. किती दिवसांनी तो इतका भ्याला होता! तेवढ्यात गोठ्यामागून पूनमसिंग टमरेल घेऊन परसाकडून आला.

"काय झालं रे उकंडा?"

उकंडा तिथेच जमिनीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. पूनमसिंग टमरेल हातात धरून बावळटासारखा पाहत राहिला.

त्या दिवशी वावरात पोचायला उशीर झाला. रामीबाई वाकलेलीच होती.

"उठला काय रे?"

"उठला," उकंडा म्हणाला. त्याचा आवाज ऐकून रामीबाईने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिले.