बाहेरून कुलूप

शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणजे सगळ्यांच्या हक्काचा माणूस. गॅदरिंगचा पडदा रंगवा, प्रमाणपत्रांवर नावं घाला, दर्शनी फळ्यावर रोज सुविचार लिहा आणि कुणी साहेब येणार असले की त्याच फळ्यावर रंगीत खडूने गुलाब, समई आणि 'हार्दिक स्वागत' काढा. घरी इंदिरानगरला आलो तरी सुटका नाही. सोसायटीत कुणाचं लग्न ठरलं की रुखवताच्या पाट्या माझ्याकडे, आणि पोरांचे 'प्रोजेक्ट' तर बारा महिने. "सर, तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम!" असं म्हणत लोक माझा अख्खा रविवार खातात. त्या पाच मिनिटांचा मला आता भयंकर राग येतो.

माझं स्वतःचं एक चित्र दिवाळीपासून भिंतीकडे तोंड करून उभं होतं. इथल्याच एका प्रदर्शनासाठी ते सोमवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं, आणि हातात उरला होता एकच रविवार. मी बायकोपुढे रडगाणं गायलो, तेव्हा तिने सरळ कपाटावरचं कुलूप उचललं.

"मी ताईकडे जाते. तुम्हाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावते. फोन बंद करा, आणि कृपा करून शिंकू नका."

तासभर स्वर्ग होता. मग जिन्यात ओळखीचं खाकरणं ऐकू आलं आणि माझा ब्रश हवेतच थांबला. आमचे मुख्याध्यापक! देवळाली कॅम्पहून थेट माझ्या दारात.

"कुलूप आहे म्हणजे गेले असतील कुठेतरी," समोरच्या काकू त्यांना सांगत होत्या. "काही काम होतं का?"

"उद्या शिक्षणाधिकारी साहेब येताहेत. फळा सजवायचाय. पाच मिनिटांचं काम आहे. थांबतो मी, येतीलच."

आणि ते खरंच थांबले. काकूंनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. आत मी घामाघूम. पंखा लावावा तर आवाज, नळ सोडावा तर आवाज. चित्र काढण्याखेरीज करण्यासारखं काही उरलंच नाही.

थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरचे काका रुखवताची पाटी घेऊन आले. "सर घरात नाहीत," म्हणत मुख्याध्यापकांनी त्यांना परस्पर कटवलं. मग प्रोजेक्टवाली एक आई आली. "अहो, रविवारी तरी त्या माणसाला सोडा!" ते तिच्यावर खेकसले, अगदी शाळेतल्या आवाजात. इतका कडक पहारेकरी मला शोधूनही मिळाला नसता. मी कित्येक वर्षांत एवढ्या निवांतपणे रंगवलं नव्हतं.

बायको परतली आणि दारात मुख्याध्यापक बघून गडबडली. "या वहिनी, उघडा. आत बसून वाट बघतो," ते म्हणाले. तिला कुलूप काढावंच लागलं. समोर मी उभा. हातात ब्रश, कपाळाला पांढरा रंग.

"म्हणजे तुम्ही आत होतात?" त्यांचा चेहरा लालबुंद झाला. मी काही बोलणार तोच त्यांची नजर चित्रावर गेली. नुकताच पुसलेला फळा, त्यावर ओल्या फडक्याचे फराटे, खालच्या पट्टीवर खडूची भुकटी. बाकी काही नाही.

"हा आपल्याच शाळेचा फळा," ते म्हणाले. "पण कोरा का?"

"रोज मीच भरतो ना सर. एकदा तरी तो कोरा बघायचा होता."

हे बोलून गेलो आणि मला स्वतःचीच लाज वाटली. ते चित्राजवळ गेले आणि चष्मा सावरून त्यांनी ते फराटे निरखले. मग पाणीसुद्धा न घेता निघून गेले. आता आपलं काही खरं नाही, असं मी बायकोला म्हणालो.

सोमवारी शाळेत पोचलो तर दर्शनी फळा आधीच भरलेला. 'हार्दिक स्वागत' उजवीकडे घसरत गेलेलं, गुलाब थेट कोबीच्या गड्ड्यासारखा. शेजारी मुख्याध्यापक उभे, बाह्या कोपरापर्यंत गुलाबी झालेल्या. साहेब आले आणि फळ्यासमोर थबकले.

"तुमच्याकडे चित्रकलेचे शिक्षक नाहीत का?"

"आहेत ना," मुख्याध्यापक म्हणाले. "पण काल त्यांना वेळ नव्हता."