घरचं माणूस हवं

आमच्या गॅरेजात इंजिनं मोठे दीर बघतात आणि वायरिंग आमचे हे. दिरांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणते. नुसत्या आवाजावरून दादा गाडीचं दुखणं सांगतील, पण चार रंगीत वायरी एकत्र दिसल्या की मागे सरतात. एकदा उडालेल्या फ्यूजच्या जागी त्यांनी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून बसवला आणि गिऱ्हाइकाची गाडी धुराने भरली. तेव्हापासून वायर म्हटली की यांनाच हाक.

आणि ती कधीही. जेवताना, अंघोळीला गेल्यावर, लेक तापाने फणफणलेली असताना. आम्ही राहतो गॅरेजच्या वरच्या खोलीत. खिडकी एकच; उघडावी तर धूर, लावावी तर उकाडा. खाली हॉर्न वाजवून बघतात तेव्हा लेक झोपेत दचकते. नवी नवरी होते तेव्हा दादा म्हणाले होते, तात्पुरतं आहे. तात्पुरतं म्हणता म्हणता लेक शाळेत जायला लागली.

मग दुसऱ्या गावच्या बस डेपोत यांना वर्कशॉपची नोकरी मिळत होती. ठरलेली वेळ, हक्काची सुट्टी, आणि कुटुंब सोबत असेल तर दोन खोल्या. त्या न पाहिलेल्या खोल्यांना मी मनात पडदेसुद्धा लावून टाकले. दादा नाही म्हणाले नाहीत. ते कधीच नाही म्हणत नाहीत, तिथेच तर घोडं पेंड खातं. म्हणाले, खुशाल जा, फक्त वायरिंगचं बघणारं कुणीतरी तयार कर. यांनी एकाला शिकवलं, तो पलीकडच्या रस्त्यावर स्वतःचं दुकान थाटून बसला. दुसऱ्यानेही तेच केलं. तेव्हा दादांनी नवी अट घातली, बाहेरचा नको, घरचं माणूस हवं. आता घरचं कोण? जाऊबाई गॅरेजात पाऊल टाकत नाहीत, त्यांना म्हणे तेलाच्या वासाने मळमळतं. हुशार बाई. आणि हे? मान खाली घालून “बघू” म्हणायचे. या माणसाच्या “बघू”ने माझं अर्धं आयुष्य खाल्लं.

यंदा डेपोने पुन्हा विचारलं, आणि होकार कळवायचा शेवटचा दिवस उजाडला. हे रस्त्यात बंद पडलेल्या एका ट्रककडे गेले होते. तेवढ्यात कोपऱ्यावरचा औषधवाला गाडी घेऊन आला. त्याचा स्टिरिओ मुका झाला होता. दादांनी बटणं दाबली, दोन थापा मारल्या आणि जिन्यातून मला ओरडून सांगितलं, त्याला फोन लाव, ट्रक राहू दे म्हणावं. मग मला ऐकू जाईल अशा बेताने औषधवाल्याला म्हणाले, “बघा, साध्या स्टिरिओला तो लागतो. आणि म्हणे नोकरीला जातो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन राहिला बाजूला, मीच खाली उतरले. इतकी वर्षं टॉर्च धरून यांच्या शेजारी उभी राहिले आहे, आणि काम करताना स्वतःशी बडबडायची यांना खोड आहे. बडबड ऐकून ऐकून पाठ झाली होती. पाय बाहेर ठेवून सीटवर आडवी झाले, डोकं स्टीअरिंगखाली घातलं. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर कुठला फ्यूज कशाचा ते छापलेलं असतं. स्टिरिओचा काढून उजेडात धरला. आतली तार शाबूत होती. दादा लगेच म्हणाले, म्हणजे फ्यूज नाही. पण हे म्हणत असतात, डबीतला चांगला निघाला म्हणून भुलू नये, सेटच्या पाठीलाही एक असतो. सेट सोडवून बाहेर ओढला. होता, पाठीलाच होता. उडाला नव्हता, नुसता सैल पडला होता आणि त्याचे पाय गंजले होते. काढला, खरवडला, दाबून बसवला. कुठल्याशा बाईचा बातम्या वाचण्याचा आवाज गॅरेजभर झाला.

मला कोण आनंद झाला. तसंच दादांना म्हटलं, “यांच्यावाचून काही अडत नाही तुमचं. आता जाऊ द्या आम्हाला.”

दादांनी हात पुसले. म्हणाले, “अगं, मग प्रश्नच मिटला. त्याला जाऊ दे. घरचं माणूस तयारच आहे की.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी वाद घातला, पण दादांपाशी उत्तर तयार. लेकीची शाळा इथे, तिची आजी इथे, आणि सुट्टीला तो येईलच. मी म्हटलं, हे येऊ देत, तेच सांगतील.

हे आले. दादांनीच सगळं सांगितलं. मी वाट बघत होते की हे एकदा तरी म्हणतील, जाऊ तर तिघं जाऊ. पण त्यांचा चेहरा इतका हलका झाला की लेक झाली तेव्हाही मी तसा पाहिला नव्हता. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “तू आहेस म्हणून सुटतोय मी.”

अहो, सुटायची धडपड माझी होती. असं ओरडून सांगावंसं वाटलं, पण तोवर यांनी खिशातून फोन काढला होता. त्यांनी तिथूनच डेपोला फोन लावला. होकार कळवला. कुटुंब आणणार का, असं पलीकडच्याने विचारलं असावं.

“नाही,” हे म्हणाले, “मी एकटाच येतोय.”