पाठीवरच्या पट्ट्या

बसम्मा लग्न होऊन अहमदपुरात आली, त्याच साली चुलीपाशी बसून तिनं सासऱ्याचं आणि नवऱ्याचं भांडण ऐकलं. नवऱ्याला उदगीरच्या संघात फुटबॉल खेळायला जायचं होतं. "लाथा मारून कुणाचं पोट भरलंय?" म्हणत सासऱ्यानं त्याचे बूट आडात टाकले. नवरा गप झाला तो जन्मभर गपच राहिला. बूट कुठं लपवलेत हे सासऱ्याला सांगणारा धाकटा दीर गुरुलिंग. त्याच्यावरचा बसम्माचा राग तेव्हा जो बसला, तो काही उठला न्हाई.

नवरा गेला. नात सुकन्या फुटबॉल खेळू लागली, तशी बसम्मा पोरींच्या संघाचे कपडे धुऊ लागली, उसवलं तर टाके घालू लागली. शाळेत पोरींना खेळ शिकवणारे सुगत सर नको म्हणाले. ही म्हणाली, "सर, तुमी पोरी बघा, चिखल मी बघते."

यंदा संघ देशाच्या चषकाला उतरला. खेळ बाद पद्धतीचा, एकदा हरलं की घरचा रस्ता. पहिल्या फेऱ्या आपल्याच भागात. नांदेडला जिंकला, देगलूरला जिंकला, आता लातूर. जर्सी गुरुलिंगनं घेऊन दिलेल्या. पाठीवर नंबराच्या वर त्याच्या कापड दुकानाच्या नावाची पट्टी. त्या पट्ट्या बसम्मानंच शिवल्या, दात-ओठ खात.

सुकन्या गोलकीपर. गळ्यात दोऱ्यानं बांधलेलं इष्टलिंग, लिंगायतांच्या रीतीनं बाळपणापासून अंगावेगळं न केलेलं. देगलूरपर्यंत कुणाच्या नजरेला आलं न्हाई. लातूरला पंचबाईनं पाहिलं.

"बाळी, साखळी, दोरा, काही चालत नाही. सगळ्यांना एकच नियम. काढ, नाहीतर बाहेर बस."

गुरुलिंग फोटो काढून घ्यायला गाडी करून आला होता. तो पुढं झाला. "आपल्यात लिंग अंगावरून काढतेत का? राहू दे खेळ. आन सर, लिंग काढलेली पोरगी माझ्या नावाचा कपडा घालणार न्हाई, सांगून ठेवतो!"

दुसरी गोलकीपर नव्हती. सुकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सुगत सर कधी तिच्याकडं, कधी घड्याळाकडं बघून राहिले.

बसम्मा उठली. "पूजेला लिंग कुठं घेतेस गं?"

"डाव्या तळहातावर, आज्जी."

"मग माझ्या तळहातावर दे. खेळ संपंस्तोर खाली ठेवणार न्हाई. द्यायचं नसलं तर चल, एष्टीनं घरी जाऊ. पन तू ठरव. ह्यानं ठरवायचं न्हाई."

"वैनी, दुसऱ्याच्या हातावर? हे कुठल्या शास्त्रात?"

"भावाचे बूट बापाला दाखवून द्यायचं कुठल्या शास्त्रात होतं, भावजी?"

सुकन्यानं दोरा काढला, लिंग डोळ्यांना लावलं आणि आजीच्या हातावर ठेवून पाठ फिरवली. "आज्जी, पट्टी काढ."

डावा हात अडकलेला. मग बसम्मानं टाका दातात धरला अन् टरकन ओढला. नाव तिच्या तोंडातच आलं. तिनं ते थुंकलं. मागोमाग बाकीच्या पोरी येऊन पाठ करून उभ्या राहिल्या. "आमची बी काढा, आज्जी." नंबर जागेवर राहिले, दुकान तेवढं मातीत पडलं.

"दिलेलं परत घेईन!" गुरुलिंग ओरडला.

"घे की. आधी पोरींच्या अंगावरनं उतरवून दाखव."

सुकन्यानं सात-आठ गोल अडवले. एक न्हाई अडला. तेवढ्यावर चषक संपला. बसम्मा गोलजाळीमागं हात छातीशी धरून उभी होती. टाळीसुद्धा वाजवता आली न्हाई.

"बघा, देवानं दाखवलं," गुरुलिंग म्हणाला.

"देवाच्या नावानं बोलू नको. देव माझ्या हातात होता, त्यो काहीच बोलला न्हाई."

सुकन्यानं हात-पाय धुऊन लिंग गळ्यात घातलं अन् आजीच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडली. बसम्माला रडू आलं न्हाई. आलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं जर्सी धुतल्या, वाळवल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं. बोळातनं जाता आलं असतं, पण नेहमीच्या रस्त्यानं, गुरुलिंगच्या दुकानासमोरूनच गेली. तो गल्ल्यावर होता. त्यानं मान खाली घातली. तिनं घातली न्हाई.

शाळेत सुगत सरांनी कपाट उघडलं. "आज्जी, आता पुढच्या सालापर्यंत काम न्हाई."

"सुकन्याची वर ठेवलीय," बसम्मा म्हणाली. "बाही उसवली होती. टाका घातलाय."