रिकाम्या कॅशशी लावलेली शर्यत

तिला एका जागी बसवत नाही. सिम्युलेशन चालू असलं की ती प्रयोगशाळेबाहेर येरझारा घालते. सोबत्यांनी तिचं नाव ‘लंबक’ ठेवलंय. सिम्युलेशन म्हणजे अजून बनलेलीच नाही अशी चिप कॉम्प्युटरच्या आत चालवून बघणं. काम गोगलगाईच्या चालीचं, आणि ही अशी.

या वाटेला ती लागली ती चिडून. नोकरीत तिचा प्रोग्राम रडतखडत चालायचा. साहेब म्हणायचे, “मोठं मशीन घेऊ.” मोठं मशीन आलं, रडगाणं तेच. तिने खोदून पाहिलं तर प्रोसेसर बहुतेक वेळ कामच करत नव्हता. मेमरीतून माहिती येण्याची वाट बघत होता. तिने राजीनामा दिला आणि याच प्रश्नावर पीएचडीला प्रवेश घेतला.

“लोक शिकून नोकरीला लागतात,” आई म्हणाली, “आमच्या घरी उलटी गंगा!”

पीएचडीत तिला एक युक्ती सुचली. पुढे लागणारी माहिती आधीच ओळखून कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेल्या छोट्या मेमरीत, आणून ठेवायची. जुन्या डिझाइनच्या तुलनेत वेगाचे आकडे झकास आले. पेपर परिषदेत स्वीकारला गेला. पदवी त्यावरच अडली होती.

मग शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने तिच्या चाचण्यांच्या फाइली मागितल्या. देण्याआधी तिने त्या सहज उघडल्या आणि तिथेच थबकली. तिच्या डिझाइनची मोजणी कॅश भरल्यानंतर सुरू होत होती, जुन्या डिझाइनची मात्र कॅश रिकामी असतानाच. एकीने मांडलेल्या स्वयंपाकघरात रांधायचं, दुसरीने नुकत्याच उतरवलेल्या सामानातून डबे शोधत, आणि दोघींना घड्याळ लावायचं, तसला प्रकार. दोन्ही चाचण्या सारख्या करून पुन्हा चालवल्यावर फायदा नावापुरता उरला.

ती थेट मार्गदर्शक बाईंच्या खोलीत गेली.

“मॅडम, पेपर मागे घ्यावा लागेल.”

“चूक कुणी काढली?”

“मीच.”

सगळं ऐकून मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “कुणाच्या लक्षातही आलं नसतं.”

“माझ्या आलंय ना.”

“मग मला काय विचारतेस? लिही पत्र. माझंही नाव घाल. तपासलं मीही नव्हतं.”

घरी थोरल्या भावाने कपाळाला हात लावला. “म्हणजे परत पहिलीपासून? आणि तुझ्या सत्काराच्या हाराचं काय करू?”

“दादा, हार आणलाच कुठे होतास?”

“आणणार होतो गं!”

पत्र गेलं. परिषदेचं उत्तर दोन ओळींचं, आभार मानणारं. पदवी लांबली. कार्यक्रमपत्रिकेत तिच्या वेळेवर आता दुसऱ्या एका संशोधकाचं भाषण आहे. विषय जवळपास तोच, फायदा तिच्या जुन्या आकड्याहूनही मोठा. तिने श्रोता म्हणून नाव नोंदवलंय. मोजणी कुठून सुरू केली, एवढंच तिला त्याला विचारायचंय.