आठ आणि नऊच्या मध्ये

सुमन गेल्याचा फोन तिच्या सुनेनं केला, तेव्हा मी पूर्णा स्टेशनच्या पुलावर होते. निम्म्या पायऱ्या चढून, कठडा धरून थांबलेली. "मावशी, आई गेल्या वो. सकाळी चहा घेता घेताच..." पुढचं ऐकू आलं नाही, खालून गाडी चालली होती. मी उरलेल्या पायऱ्या चढले, पलीकडं उतरले आणि गंगाखेडचं तिकीट काढलं. गुडघा दुखत होता का, आठवत नाही. त्याला आता दीड महिना झाला.

आम्ही दोघी वालूरच्या. शाळेच्या खो-खो संघात मी कर्णधार आणि सुमन आमची सगळ्यात चपळ पोरगी. जिल्ह्याच्या सामन्यांसाठी परभणीला गेलो, तिथं खांबाला वळसा घेताना तिचा उजवा गुडघा आतल्या आत फिरला. घरी पाय मुरगळल्यावर सगळे करायचे तेच मी केलं. तेल गरम करून आणलं, अर्धा तास जोर लावून चोळलं, वरून ओढणी आवळून बांधली. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता. "पळशील ना गं?" मी विचारलं. "तू म्हणतीस तर पळते की." पळाली. आम्ही जिंकलो. गुडघा दुप्पट सुजला आणि सुमन पुन्हा कधी खेळली नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं. सांधा धरून ठेवणारा आतला बंध तुटला होता. "हे चोळलं कुणी? आणि वर पळवलं कुणी?" ते चिडून म्हणाले. मी तिथंच, तिच्या चपला हातात घेऊन उभी. सुमन म्हणाली, "मीच चोळलं. पळायचीबी मलाच हौस." मी तोंड उघडलं नाही.

पुढं ती गंगाखेडला खेळाची शिक्षिका झाली, किंचित लंगडतच. एखादी मुलगी पडली की हिचा आवाज मैदानभर जायचा, "कुणी चोळायचं न्हाई! बर्फ आणा, पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा, अन् आजच्या आज डॉक्टरला दाखवा!" कितीतरी पोरींचे गुडघे-घोटे तिनं असे वाचवले. मुलींनी कारण विचारलं की सांगायची, "मी लहानपणी लय मोठा गाढवपणा केलता." मी शेजारी बसलेली असले तरी हेच सांगायची, माझ्याकडं न बघता.

मग माझेच गुडघे झिजले. डॉक्टरांनी वजन कमी करायला आणि व्यायाम करायला सांगितलं. मी तेल लावून बसले. हे कळल्यावर रोज संध्याकाळी साडेसहाला तिचा फोन सुरू झाला. पाय लांब करायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबून दहा आकडे धरायचं. आकडे सुमन मोजायची. आठपर्यंत सरळ यायची आणि थांबायची.

"भाजी काय केलीस गं?"

"अगं, नऊ म्हण!"

"म्हणते की. मेथी का?"

मांडी थरथरायची, मी शिव्या द्यायचे, ती हसत सुटायची. "...नऊ. दहा. सोड. अन् म्हणं ही आमची कर्णधार!" चार महिन्यांत मी स्टेशनचा पूल मध्ये एकदाच थांबून चढायला लागले.

शेवटची भेटले तेव्हा बोलायचं ठरवूनच गेले होते. "सुमे, तुझा तो गुडघा..." एवढंच म्हणाले. "आधी टॉवेल काढ," ती म्हणाली. "आज केलं न्हाईस तू, चालण्यावरून दिसायलंय." मग जेवणं झाली, मग गाडीची वेळ झाली... राहिलं. म्हणून इथं लिहिते. तो गुडघा मी चोळला. तिला पळायलाही मीच लावलं. तिच्या विद्यार्थिनींपैकी कुणी हे वाचत असेल, तर तुमच्या बाईंनी कसलाही गाढवपणा केला नव्हता.

साडेसहाला मी टॉवेल गुंडाळते. आता आकडे मीच मोजते, मोठ्यानं. आठ म्हणते आणि थांबते. भाजी काय केली ते सांगते. मांडी थरथरायला लागते, तरी नऊ म्हणवत नाही.