सारिंतेनबाईंच्या नूडल्स खारट झाल्या

जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी लसूण-मिरीचा वास सुटला की समजावं, सारिंतेनबाईंनी शेगडी पेटवली. मग शेजारचे तारमुजी सायकलदुरुस्तीची हत्यारं आवरून, हात धुऊन त्यांच्या ओसरीवर येत.

"मी जेवूनच आलोय हं, बू," ते रोज म्हणत. 'बू' म्हणजे आमच्याकडे 'बाई'.

"असू द्या. बसा तर खरं," त्या रोज म्हणत.

तारमुजी जेवून आलेले नसत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. सारिंतेनबाईंचा नवराही नव्हता. गल्ली कुजबुजायची, पण वास इतका चांगला यायचा की कुजबुजणारेही नाक वर करून थांबायचे.

सारिंतेनबाई एका वेळी एकाच ताटलीच्या नूडल्स परतत. दोघांच्या नूडल्स एकत्र टाकल्या की लगदा होतो, असं त्यांचं मत. वाटलेला मसाला, त्यावर बदकाचं अंडं, मग उकडलेल्या नूडल्स, कोबी, आणि शेवटी काळा गोड सोया सॉस कढईच्या कडेनं सोडायचा, म्हणजे तो चर्रकन जळून खमंग होतो. चव त्या कधी बघत नसत. वासावरून त्यांना सगळं कळे.

त्यांची लेक वेनिंग सेमारंग या मोठ्या शहरात नोकरीला. पोरगी मायाळू, पण हुकमी. या खेपेला आली ती ठरवूनच आली. "आई, आता तू माझ्याकडेच राहायचं. घर भाड्यानं देऊ. उद्या सकाळी गाडी येईल."

"हो," सारिंतेनबाई म्हणाल्या. आम्हा जावाच्या लोकांच्या 'हो'चा अर्थ बऱ्याचदा 'ऐकलं' एवढाच असतो. तिथं राहून पोरगी हे विसरली होती. बोचकी बांधून झाली. पण इथल्या संध्याकाळी सोडून बाईंना कुठेही जायचं नव्हतं.

त्या संध्याकाळीही तारमुजी आले. जेवूनच आले होते. बाईंनी मीठ घातलं, तेवढ्यात आतून वेनिंग ओरडली, "आई, ती शेगडी कुणाला तरी देऊन टाकू ना?"

"हो," त्या म्हणाल्या, आणि हातानं पुन्हा मीठ घातलं.

तारमुजी मान खाली घालून खात होते. वेनिंग बाहेर आली, कढईला चिकटलेली नूडल तिनं तोंडात टाकली आणि थू थू केलं.

"अगं आई! कोणाला लग्नाची घाई झालीय या घरात?"

आमच्याकडे सैपाक खारट झाला की करणारीला असंच चिडवतात. बहुतेक तरण्या पोरींना. वेनिंग हसली, पण एकटीच. आईचे कान लाल झाले होते.

"काका, तुम्ही हे खाताय कसं?"

"चांगल्या झाल्यात की."

"खारट नाहीत?"

"आहेत," तारमुजी म्हणाले. मग जन्मात पहिल्यांदा त्यांनी ताटली पुढे केली. "अजून थोड्या मिळतील का, बू?"

वेनिंगनं त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई रिकामी कढईच परतत होती. पोरगी तिच्याजवळ उकिडवी बसली.

"आई, तुला यायचंय का माझ्याबरोबर?"

सारिंतेनबाईंनी उलथनं खाली ठेवलं. "नाही गं. मला इथंच राहायचंय. यांच्या शेजारी."

तारमुजींनी पटकन पाण्याचा पेला तोंडाला लावला. वेनिंगचे डोळे भरून आले.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू विचारलं कुठे होतंस, बाळा?"